ओढ्याकाठच्या सात पऱ्या

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव सांगत नाही. त्यांचे असतातच, ते वेगळे काढता येत नाहीत. मी सांगतो, बिगरीच्या बाईंचे. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. मी बी. ए. झालो तो त्यांच्यामुळं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं.

बाई आष्ट्याजवळच्या एका गावात शिकवत. त्या मणेराच्या, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या मुसलमानाच्या लेक. वडील डोक्यावर बांगड्यांची करंडी घेऊन बाजार करायचे. एकुलती एक मुलगी, म्हणून त्यांनी तिला फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिकवलं आणि पुढं लवकरच ती विधवा होऊन माहेरी आली तेव्हा त्या शिकण्याचा उपयोग झाला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि कमरेला नेहमी कात्रीची पिशवी.

मी माण तालुक्यातला. वडिलांची मेंढरं होती. साताऱ्याला बोर्डिंगात राहून मी मॅट्रिक झालो, पण कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. या गावच्या शाळेला मास्तर हवा आहे असं कळलं म्हणून मी पिशवी घेऊन आलो. शाळा कमिटीला ट्रेनिंग झालेला मास्तर हवा होता आणि माझ्या ओठावर तर अजून नीट मिशी नव्हती. बाई तिथं होत्या. त्या म्हणाल्या, हा काही दिवस माझ्या हाताखाली बिगरीत राहू दे, नाही जमला तर मीच तुम्हाला सांगेन. मी राहिलो. दुपारची सुट्टी झाली की त्या मला वर्गातून उठवायच्या आणि कॉलेजच्या इंटरची पुस्तकं वाचायला आतल्या खोलीत पाठवायच्या. "जा मास्तर, ही पोरं काय मला खात नाहीत," म्हणायच्या. दोन तास त्या एकट्या ती सगळी चिल्लीपिल्ली सांभाळत.

बिगरी भरायची शाळेच्या मागच्या पडवीत. बाईंची शिकवायची रीत मी पुढं कुठं पाहिली नाही. त्या रोज गोष्ट सांगायच्या, परीची, राक्षसाची, राजपुत्राची, आणि ती मुद्दाम अडवायच्या. राजपुत्र नदीपाशी आला, पण होडी कुठं आहे? मग त्या हात झाडून गप्प बसायच्या. पोरांनी होडी केल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नसे. त्यांचं म्हणणं, गोष्ट अडली की हात चालायला लागतात. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून सगळं शिवारातलंच. जोंधळ्याच्या ताटाचं आतलं मऊ भेंड सोलून त्याच्या होड्या, पालख्या, घोडे. वडाच्या पानांना बाभळीचे काटे टोचून राजाचा मुकुट. फुटक्या सुपाला काजळी फासून राक्षसाचं तोंड. चिकटवायला चिंचोक्याची खळ, रंगाला हळद, नीळ आणि गेरू. बाईंच्या घरून फुटक्या बांगड्यांच्या काचा यायच्या. त्यांच्या कडा त्या स्वतः दगडावर घासून बोथट करत आणि मग ती रत्नं म्हणून पोरांना वाटत.

एकदा एका पोरानं केलेल्या राक्षसाला दातच नव्हते. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "ह्यो म्हातारा राकुस हाय बाई. ह्याला भाकरी कुस्करून द्या लागती." बाईंनी त्या दिवशी गोष्टीत राक्षसाला म्हातारा केलं.

बिगरीचा आणखी एक उपयोग होता. गावातल्या कितीतरी मुली शाळेत यायच्या त्या धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. भावंड बिगरीत सोडायचं आणि आपण दुसरीत, तिसरीत जाऊन बसायचं. भावंडं घरी राहिली असती तर मुलींना घरीच बसावं लागलं असतं, त्यांना सांभाळायला. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. कमिटीतले लोक कधी म्हणायचे, ही खेळणी करायला शाळा कशाला पाहिजे, तेव्हा त्या बिगरीची बाजू मांडत नसत, त्या मुलींची मांडत.

त्यातली एक तिसरीत होती. वडील फौजेत, घरी आई आणि बिगरीत येणारा हा कडेवरचा भाऊ. वाचनात ती तिच्या वर्गात सगळ्यांच्या पुढं होती. पण तिचा वर्ग सुटला की ती घरी न जाता बिगरीच्या दारात उभी राहायची, ती गोष्ट कुठं अडली आहे ते बघायला. लहान पोरांचे हात वळत नसले की ती आत येऊन भेंडाचे पातळ पापुद्रे सोलून द्यायची. बाई मला म्हणाल्या होत्या, हिची फायनल झाली की माझी जागा हिला देऊन मी मोकळी होईन. हे त्या चेष्टेनं बोलत नव्हत्या.

त्या सालच्या दिवाळीनंतर बाईंनी सात पऱ्यांची गोष्ट लावली. सात बहिणी आभाळातून उतरतात, त्यातली सातवी वाट चुकते, अशी काहीशी ती होती. पऱ्या कशा करायच्या इथंच ती अडलेली असताना मिरजेहून निरोप आला की बाईंची मावसबहीण फार आजारी आहे. त्या जाताना मला म्हणाल्या, मी येईपर्यंत पोरांकडून नुसते मुकुट करून घ्या, गोष्टीला हात लावू नका.

मी दोन दिवस मुकुट करून घेतले. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आपण मॅट्रिक झालेले, आपल्याला एवढं येऊ नये? मी गोष्ट पुढं न्यायचं ठरवलं. तेवढ्यात एका नव्या पोरीनं विचारलं, "मास्तर, परी म्हंजी वो काय?"

मी सांगितलं, परी म्हणजे अप्सरा. इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संस्कृतात मला चांगले मार्क होते. मी पुढं सांगितलं की अप् म्हणजे पाणी, अप्सरा पाण्यातून निघाल्या, पाण्यापाशीच राहतात. ओळीत बसलेला एक पोरगा म्हणाला, "आमच्या हिरीवर बी हायत मास्तर. सात हायत. त्यास्नी निवद दावत्यात." मी म्हणालो, त्या वेगळ्या, ह्या गोष्टीतल्या.

आमच्याकडं विहिरीच्या, ओढ्याच्या काठाला सात दगड ओळीनं मांडलेले असतात, शेंदूर फासलेले. त्या साती आसरा. पाण्यातल्या देवता. लहान पोरांना आणि बाळंतिणींना त्या धरतात, म्हणून सगळे त्यांना भिऊन असतात. शहरातल्या माणसानं ही चूक केली असती तर ती न कळून झाली म्हणता आलं असतं. माझं तसं नव्हतं. आमच्या स्वतःच्या विहिरीवर त्या होत्या. आईनं मला त्यांच्या पायावर घातलं होतं. पण मी शाळेतले शब्द शाळेत ठेवायचे आणि घरचे घरी, असं शिकत वाढलो होतो. अप्सरा हा शब्द मला पुस्तकात भेटला होता. पोरं घरी जाऊन तो आसरा असाच सांगणार, हे तो पोरगा माझ्या तोंडावर सांगत असताना मला ऐकू आलं नाही.

मी वर्ग ओढ्यावर नेला. तिथली माती चिकण असते. पोरांनी हाताएवढ्या सात पऱ्या केल्या. माती ओली होती म्हणून वाळायला त्या काठावर ओळीनं ठेवल्या. हळद संपली होती, नीळही संपली होती, राहिला होता गेरू. सगळ्यांना गेरू लावला. वरून हिरव्या काचा. मला ते काम इतकं आवडलं की मी पोरांना दुरून बघायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या तर काठावर तांबड्या साती जणी बसलेल्या. त्यांनी धुणं तिथंच टाकलं. दुपारपर्यंत तिथं हळदकुंकू, लिंबं आणि दहीभात आला होता. आणि नेमका त्याच दिवशी त्या तिसरीतल्या मुलीचा भाऊ तापानं फणफणला. हिवतापाचे दिवस होते, आळीत आणखीही पोरं आजारी होती. पण त्यानं तापात मास्तरांनी आसरा करायला लावल्याचं सांगितलं, आणि मग त्याचा ताप हिवताप राहिला नाही.

बिगरीत दोन पोरं आली. त्यानंतर तीही येईनात. मग दुसरीतल्या, तिसरीतल्या मुली येईनाशा झाल्या. मी रिकाम्या पडवीत बसून राहायचो. वाचायला भरपूर वेळ होता, पण पुस्तक उघडवत नव्हतं.

बाई मिरजेहून आल्या त्या बहिणीला माती देऊन. त्यांचे डोळे सुजलेले होते. शाळेत त्यांना मी काय ते सांगितलं. त्यांनी घरी जाऊन वडिलांच्या करंडीतून हिरव्या बांगड्या घेतल्या आणि आळीतल्या चार जाणत्या बायकांना बोलावून ओढ्यावर गेल्या. मी लांब उभा होतो. बाईंनी स्वतः काही केलं नाही, त्या मागं उभ्या राहिल्या. त्या बायकांनी ओट्या भरल्या, बांगड्या वाहिल्या आणि सातही मूर्ती ओढ्याच्या पाण्यात सोडल्या. नंतर मला कळलं, बाईंच्या आईनंही मुलगी वाचावी म्हणून एके काळी अशाच ओट्या पाठवल्या होत्या.

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्ष रागात होते. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणाले, आणि हे कोणी केलं ते त्यांना ऐकायचं होतं.

बाई म्हणाल्या, "गोष्ट मी अर्धी टाकून गेले. अर्धी गोष्ट लेकरांच्या हातात देऊन जायला नको होतं."

"आणि ह्यो मास्तर?"

"मास्तरांनी मी सांगितलं तेवढंच केलं."

हे खरं नव्हतं. मी खाली मान घालून बसलो होतो. मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी आधी बरं वाटलं. माझी जागा राहिली, जागा राहिली म्हणजे कॉलेज राहिलं. बाईंना मात्र कमिटीनं लिहून द्यायला लावलं की यापुढं बिगरीत मातीच्या बाहुल्या होणार नाहीत. एवढी वर्षं त्या शाळेत त्यांना कोणी काही लिहून द्यायला लावलं नव्हतं.

घरी परतताना त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्हाला आसरा माहीत नव्हत्या?"

मी म्हणालो, माहीत होत्या.

थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "मग शाळेत शिरताना त्यांना बाहेर कुठं ठेवलंत?"

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

हळूहळू पोरं आली. बिगरी भरली. मुलीही आल्या. ती एक आली नाही. तिचा भाऊ बरा झाला होता, पण तो तापात असताना आईनं ओढ्याच्या काठाला उभं राहून आसरांना शब्द दिला होता. बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा आईनं त्यांना गूळपाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं आणि सांगितलं, "आवं बाई, तुमचा राग न्हाई. पण मी बोललीया त्यास्नी, माझं पोर उठू द्या, माझी पोरं साळंची पायरी चढायची न्हाईत. आता माझा बोल मी कसा खाऊ?" बाई दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, मोडायला सांगावा असा तो शब्द नाही.

वर्षभरानं तो मुलगा शाळेत आला. देवऋषीला विचारून, नारळ आणि दहीभात वाहून त्याच्यापुरता शब्द सोडवून घेतला होता. मुलग्याच्या शिक्षणाचा प्रश्न होता. मुलीसाठी कोणी विचारलं नाही. तोवर ती घरातल्या कामाला लागली होती आणि तिच्यावाचून घराचं अडत होतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी सांगलीला कॉलेजात निघालो. बाईंनीच त्यांच्या ओळखीच्या घरी माझी राहायची सोय केली होती. जायच्या सकाळी ओढा ओलांडताना ती मुलगी धुणं धूत असलेली दिसली. मला बघून उभी राहिली, ओल्या हातानं पदर सावरला. आता परकर जाऊन लुगडं आलं होतं.

"मास्तर, त्या गोष्टीत फुडं काय झालं? सातवी घरी गेली का?"

मला ते खरंच माहीत नव्हतं. ती गोष्ट बाई मनानं रचत होत्या आणि त्यांनी ती पुन्हा कधी काढली नव्हती. मी म्हणालो, बाईंना विचार. म्हणालो आणि चालू लागलो, मोटार चुकेल म्हणून. बाईंना विचारायला ती कुठं जाणार होती, हे मला आष्ट्याच्या पुढं गेल्यावर सुचलं.

कॉलेजात मी चांगला शिकलो. प्रोफेसर कौतुक करायचे. संस्कृतच्या तासाला शब्दांच्या व्युत्पत्ती आल्या की इतर मुलं डुलक्या काढायची आणि मी सावध व्हायचो. दिवाळीला गावी जाताना मी वाट वाकडी करून बाईंना भेटायचो. त्या बिगरीत आता भेंडाची कामं करून घेत. चिकण मातीचा ढीग पडवीच्या कोपऱ्यात होता तो गेला होता. त्या मुलीबद्दल मी दर वेळी विचारायचं ठरवायचो आणि कॉलेजच्या गोष्टी सांगत बसायचो. शेवटी बाईंनीच एका कार्डात लिहिलं की तिच्यासाठी स्थळं बघताहेत, पण वडील फौजेतून येईपर्यंत ठरणार नाही, म्हणजे अजून एक उन्हाळा.

बी. ए. चा निकाल लागला त्या दिवशी माझ्याबरोबरच्या मुलांनी पेढे आणले. मी पेढा हातात घेऊन खोलीत आलो आणि पत्र लिहायला बसलो. उपकार मानायचे म्हणून बसलो होतो.

त्या पत्राचं पुढं जे झालं ते थोडकं आहे. तिच्या आईनं शिकवायला होकार दिला. तो पावसाळा आणि हिवाळा मी दर रविवारी सांगलीहून जात होतो. धान्य निवडत तिची आई शेजारी बसायची आणि मध्येच विचारायची, ह्ये काय म्हणला मास्तर, परत सांगा. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं. फायनल काही झाली नाही, बिगरीची जागाही मिळाली नाही. नवरा फौजेत आहे, त्याला ती स्वतःच्या हातानं पत्र लिहिते, एवढं बाईंकडून कळलं. तेवढ्यावर मी समाधान मानावं असं बाईंचं म्हणणं होतं. मला ते जमलं नाही.

पत्र असं होतं:

"बाई, तुम्हाला माझा नमस्कार.

आज निकाल लागला. मी पास झालो, दुसरा वर्ग मिळाला. ही बातमी वडिलांच्या आधी तुम्हाला कळवतो आहे, कारण वडिलांना ती वाचून दाखवायला कोणी लागेल.

तुमचे आभार कसे मानावेत याचा मी कच्चा मसुदा केला होता, तो फाडून टाकला. त्याऐवजी एक काम सांगतो. रागावू नका.

कमिटीपुढं तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी गप्प बसलो. त्या मुलीच्या आईला आजवर वाटतं की ते तुमच्या सांगण्यावरून झालं. कृपा करून त्यांना सांगा की त्या साती जणी मी मांडल्या, माझ्या डोक्यानं, तुम्ही नको म्हटलं असताना. मीही येऊन सांगणार आहे. पण आधी तुमच्याकडून कळलं तर मला त्या दारात उभं राहू देतील की नाही ते कळेल.

दुसरं असं. त्यांचा शब्द मोडायचा नाही, हे तुम्ही म्हणालात ते मला पटलं होतं. पण त्या काय बोलल्या ते मी परवा पुन्हा आठवून पाहिलं. शाळेची पायरी चढायची नाही, असं त्या बोलल्या. शिकायचं नाही, असं बोललेल्या नाहीत. मग पायरी चढायची गरज नाही. मीच त्यांच्या कट्ट्यावर येऊन बसेन, दर रविवारी, लग्न ठरेपर्यंत. त्यांना स्वतःलाही ऐकता येईल. इतकी साधी गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नाही, कारण मी माझ्याच पुस्तकात डोकं घालून बसलो होतो.

एक वेळ त्या नाही म्हणतील. तर मला तसं कळवा, मी मध्ये पडणार नाही. पण त्यांनी हो म्हटलं तर पाटी मी आणतो. तिसरीचं वाचनाचं पुस्तक तेवढं शाळेतून मागून ठेवा. ती तिथपर्यंत आली होती.

येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं येतो. आधी तुमच्याकडं येईन."